पी. पी. कॉल

आनंदी : …आणि मग ते मला ‘आनंदीताई’ म्हणाले.

केयूर : कोण म्हणालं?

आनंदी : तुझे बाबा. त्रेचाळीस वर्षं संसार केला मी त्यांच्याबरोबर. ‘अगं’ म्हणाले, ‘ऐकलंस का’ म्हणाले, फारच चिडले तर ‘बाईसाहेब’ म्हणाले. ताई कधी म्हणाले नाहीत. आज दुपारी चार वाजता म्हणाले. जाऊन चौदा महिने झाले, तेवढ्यात नातं बदललं म्हणायचं.

केयूर : एक मिनिट, आई. कॉल तुझ्या फोनवर आला?

आनंदी : मग काय शेजारणीच्या? तीळ भाजत होते. एका हातात उलथनं, एका हातात फोन. ‘नमस्कार आनंदीताई, मी नारायण पेठेतला तुमचा श्यामसुंदर परचुरे बोलतोय.’ करपले सगळे तीळ. वास येतोय ना अजून?

केयूर : येतोय. आई, तो टेस्ट कॉल होता गं. दोनशेच नंबर होते. तुझा त्यात यायला नको होता.

आनंदी : का? मी मतदार नाही?

केयूर : तसं नाही. मी आज तुला सांगणारच होतो. त्यासाठीच आलोय.

आनंदी : हो का? मला वाटलं तिळगूळ झाला का बघायला आलास.

केयूर : थट्टा नको ना करू. मतदान आठ दिवसांवर आलंय, माझं डोकं जागेवर नाहीये. वल्लरी येतेय, आमचं डिजिटल सगळं ती बघते. ती तुला नीट समजावेल. खाली गाडी लावायला जागा शोधतेय.

आनंदी : नारायण पेठेत जागा शोधतेय ना? मग चिक्कार वेळ आहे आपल्याकडे. तोवर तू समजाव.

केयूर : बाबांचा आवाज आहे तो. म्हणजे, बाबांच्या आवाजावरून कॉम्प्युटरने तयार केलेला. आपण लिहून देऊ ते तो बाबांसारखा बोलतो. मतदार यादीतून नाव उचलतो. बाई असली की ताई लावतो, पुरुष असला की दादा. उद्या सकाळी आठ वाजता प्रभागातल्या अठरा हजार फोनांवर जाणार आहे.

आनंदी : आणि आवाज कुठून घेतलात?

केयूर : आई, आपल्याकडे वेळ कमी आहे, म्हणून मी…

आनंदी : केयूर. आवाज कुठून घेतलात?

केयूर : दिवाळीत तूच दिलास. बाबांचा जुना मोबाइल.

आनंदी : तो मी बिघडायच्या आत त्यातलं सगळं उतरवून ठेव म्हणून दिला. घरात राहावं म्हणून. प्रचाराला जुंप म्हणून नाही दिला. ऋचाला माहिती आहे हे?

केयूर : ऋचा म्हणाली, आईंना आधी विचारा.

आनंदी : बायको शहाणी आहे तुझी. तिलाच उभं करायला हवं होतं. आणि वरच्या मजल्यावर काय झालं ते ऐक आता. मुक्ताई फोन घेऊन खाली आल्या. अठ्ठ्याऐंशी वर्षांची बाई, कठड्याला धरून एकेक पायरी उतरली. म्हणाल्या, ‘आनंदी, श्यामसुंदरांचा फोन आला होता. बरे आहेत आता. आवाज अगदी खणखणीत आहे.’

केयूर : अरे देवा.

आनंदी : ‘मी विचारलं, तिकडे थंडी आहे का? तर म्हणाले, मुक्ताताई, आपल्या प्रत्येक समस्येवर केयूर तोडगा काढेल.’ मला विचारायला लागल्या, केयूर तिथलीही कामं बघतो का?

केयूर : हसतेस काय आई?

आनंदी : मग काय करू? त्या वर गेल्यावर रडून झालं माझं. आलं वाटतं कोणी. ये गं, दार उघडंच आहे. चपला काढल्या नाहीस तरी चालेल.

(वल्लरी आत येते. दंडात हेल्मेट अडकवलेलं, छातीशी लॅपटॉप.)

वल्लरी : सॉरी सर, पार्किंगच नाही मिळालं, ओंकारेश्वरापाशी लावून चालत आले. हॅलो आजी! मी तुमच्या मिस्टरांची खूप मोठी फॅन आहे, माहितीये?

आनंदी : त्यांना भेटली होतीस?

वल्लरी : नाही, म्हणजे भेटले नाही, पण त्यांचं सगळं वाचलंय. बेसिकली सिस्टीमला वाचायला दिलं आणि चेक करता करता मीही वाचलं. ‘आजचं पाणी’! बारा वर्षं रोज एक पोस्ट. नळाला पाणी किती वाजता आलं, किती वेळ होतं, कुठला रस्ता खणलाय, कुठल्या नगरसेवकाने काय प्रॉमिस केलं होतं आणि त्याचं काय झालं. आणि नंतर नऊशे व्हॉइस नोट्स!

आनंदी : त्यांच्या मित्रांना डोळ्यांनी दिसेनासं झालं, तेव्हापासून वाचूनही पाठवायला लागले. विम्याच्या कचेरीत कारकुनी करून निवृत्त झालेला माणूस. सदाशिव पेठेत क्लास लावून टायपिंग शिकले. बाजूला सगळी कॉलेजची पोरं. एका बोटाने सुरुवात केली आणि शेवटी दोन बोटांवर आले.

वल्लरी : पण इम्पॅक्ट काय होता! लोक सांगतात, सकाळी त्यांनी लिहिलं की दुपारी खड्डा बुजायचा. आजी, इतका क्लीन डेटा मला कुणाचाच मिळाला नव्हता. मागे फॅनचा आवाजसुद्धा नाही.

आनंदी : पंखा बंद करायचे. उन्हाळ्यातसुद्धा. मी पलीकडे घामाघूम होऊन बसायची, ह्यांचं नळपुराण होईपर्यंत. बरं, माझ्याकडे काय काम काढलंत?

केयूर : वल्लरी, तो कागद दे.

वल्लरी : आमचे लीगलवाले म्हणतात, आवाज कुणाचा वापरायचा तर घरच्यांची संमती हवी. वारस म्हणून आजी, तुमची. इथे सही, इथे नाव, आणि इथे तारीख. सही मिळाली की उद्याचे कॉल्स लाइव्ह.

आनंदी : आणि नाही मिळाली की?

वल्लरी : मग सिस्टीम अडवते. खाली कारण लिहायचा कॉलम आहे.

आनंदी : वा. माझ्याकडे एक कागद तरी आला म्हणायचा. आधी मला परत ऐकवा. दुपारी तीळ करपत होते, नीट ऐकता आलं नाही.

वल्लरी : नुसतं ऐकवतेच कशाला, बोलाच तुम्ही. दोन-तीन प्रश्नांना तो उत्तरही देतो. हं, बोला. माइक इथे आहे.

आनंदी : आज पाणी किती वाजता आलं?

वल्लरी : थांबा, लोड होतंय… हं. स्पीकर वाढवते.

लॅपटॉपमधला आवाज : आनंदीताई, पाण्याचा प्रश्न आपणा सर्वांच्याच जिव्हाळ्याचा आहे. केयूर निवडून आल्यावर तो नक्की सुटेल, याची मी खात्री देतो.

आनंदी : बंद कर. बारा वर्षांत हा माणूस कधी ‘नक्की’ म्हणाला नाही. ‘खात्री’ तर दूरच राहिली. रोज शेवटी काय म्हणायचे? ‘मी पाहिलं तेवढं सांगितलं.’ लग्नाच्या वेळी माझ्या वडिलांनी विचारलं, मुलीला सुखात ठेवाल ना? तर म्हणाले, बघू या.

केयूर : स्क्रिप्ट बदलता येईल. वल्लरी, ‘नक्की’ काढून टाक. शेवटी बाबांचं ते वाक्य घाल.

आनंदी : आणि ते आणखी खरं वाटेल.

केयूर : हो! तेच तर पाहिजे. आई, तू समोरची बाजू बघतेस का? त्या रणजितची रोज तीन रील्स येतात. गाणं केलंय, ड्रोन उडवलाय, दारोदार मुलांना पतंग वाटतोय. माझ्याकडे काय आहे? मी दारावर गेलो की लोक विचारतात, कोण केयूर? मग मागून कोणीतरी म्हणतं, अहो, परचुऱ्यांचा मुलगा, ते पाण्याचं लिहायचे ना, त्यांचा. तेव्हा कुठे सेफ्टी डोअर उघडतं. माझ्याकडे बाबा सोडले तर काहीही नाहीये.

आनंदी : मग ते असताना त्यांच्याकडे जायचं होतंस.

केयूर : गेलो होतो की! मागच्या निवडणुकीला गेलो होतो. ह्याच खोलीत. म्हटलं, बाबा, तीन हजार माणसं रोज तुमचं वाचतात. एक ओळ लिहा. माझा मुलगा उभा आहे. बस. मत द्या असंही लिहू नका. तर मला काय म्हणाले? ‘मी नळाचं लिहितो, मुलाचं नाही.’ आणि मी पडलो एकशे बारा मतांनी. एकशे बारा, आई! अजून रात्री आकडा डोळ्यांसमोर येतो.

आनंदी : म्हणजे तेव्हा जे बोलले नाहीत ते आता बोलायला लावतोस. आता नाही म्हणता येत नाही त्यांना.

केयूर : …असं वाटतं तुला?

आनंदी : मला असं वाटतं. तुला वाटत नसेल तर तसं सांग.

वल्लरी : सर, मी बाहेर थांबू का?

आनंदी : थांब इथेच. चहा टाकते आहे मी तुझा, कुठे जातेस?

वल्लरी : आजी, एक बोलू? कॅम्पेनचं सोडा. तुम्हाला हवा असेल तर हा आवाज मी तुमच्या फोनवर टाकून देते. फक्त तुमच्यासाठी. रोज सकाळी तुमच्याशी बोलेल. ताई नाही म्हणणार, ते मी बदलते. अगं म्हणेल.

(आनंदी चहाखालचा गॅस बारीक करते.)

वल्लरी : चुकलं का माझं?

आनंदी : हे मात्र तू बोलायला नको होतंस.

वल्लरी : सॉरी आजी. रागावू नका ना.

आनंदी : रागावले नाही गं. मोह झाला म्हणून म्हणाले. दुपारचं तुम्हाला पुरतं सांगितलंच नाही मी. फोन कानाला लावला, पहिले दोन शब्द आले आणि मी गॅस बंद करायचंही विसरले. मी टेलिफोन खात्यातली बाई, तेहतीस वर्षं कानाला हेडफोन लावून ट्रंक कॉल जोडले. आवाजात माझी फसगत होत नाही. आणि मी काय म्हणाले माहितीये? ‘अहो, कुठून बोलताय?’ असं म्हणाले. अगदी खरं वाटून विचारलं.

केयूर : आई…

आनंदी : त्यावर ते म्हणाले, ‘धन्यवाद आनंदीताई.’ आणि फोन ठेवला. ते आज दुसऱ्यांदा गेले, केयूर. आणि उद्या सकाळी आठ वाजता अठरा हजार ठिकाणी ते परत जाणार. त्यातली मुक्ताईंसारखी किती असतील, काढलीय का संख्या तुमच्या सिस्टीमने?

वल्लरी : नाही काढली.

आनंदी : तुला पी. पी. कॉल माहिती आहे?

वल्लरी : पी. पी.? पी. पी. टी. माहितीये.

आनंदी : पूर्वी परगावी बोलायचं तर आमच्याकडे कॉल नोंदवायला लागायचा. साधा असेल तर पलीकडे कुणीही उचलला तरी आम्ही जोडून द्यायचो. पण पी. पी., म्हणजे पर्टिक्युलर पर्सन असेल, तर ज्याचं नाव सांगितलंय तोच माणूस बोलायला हवा. मग आम्ही विचारायचं, ‘आपण स्वतः बोलताय का?’ स्वतः असला तर जोडायचं. बायको म्हणायची, मी निरोप देते. भाऊ म्हणायचा, माझा आवाज सेम त्याच्यासारखा आहे, जोडा ना, कुणाला कळतंय. एकदा एकाचं लग्न ठरायचं होतं त्या कॉलवर. तरी नाही जोडला मी. तिकिटावर, म्हणजे कॉल नोंदवायच्या चिठ्ठीवर, शेरा मारला आणि कॉल रद्द.

वल्लरी : लग्न मोडलं?

आनंदी : दुसऱ्या दिवशी तो स्वतः आला फोनवर. झालं की लग्न. घे, आलं जरा जास्त पडलंय.

केयूर : आई, तुझी गोष्ट चांगली आहे. पण तुला एक सांगू? तू बाबांची बाजू घेतेस, नेहमीच घेतलीस. त्यांना माझी काही पडलेली नव्हती. आख्ख्या पेठेची काळजी, कुणाचा नळ, कुणाचं ड्रेनेज. बारा वर्षांत पाण्याची वेळ एकदा चुकली नाही त्यांची. मी तेवढा चुकलो.

वल्लरी : एकदा चुकलीये, सर.

केयूर : काय?

वल्लरी : वेळ. बारा वर्षांत एकदाच. एकच दुरुस्ती आहे पूर्ण ब्लॉगवर. बाकी डेटाशी जुळत नव्हती म्हणून मी ती वेगळी काढून ठेवली होती. थांबा, आहे इथे.

आनंदी : राहू दे गं ते.

केयूर : नाही, वाच.

वल्लरी : ‘दुरुस्ती. काल पाणी सहा वाजता आल्याचे लिहिले होते. ते अंदाजाने लिहिले. पाणी पाच चाळीसला आले. मी नळापाशी नव्हतो. क्षमा असावी.’ तारीख पंचवीस फेब्रुवारी, दोन हजार सतरा.

केयूर : तेवीसला निकाल होता.

वल्लरी : म्हणजे चुकलेली पोस्ट चोवीसची.

केयूर : नळापाशी नव्हते म्हणजे? आजारी नव्हते तेव्हा. आई, कुठे होते मग?

आनंदी : तुझ्या दाराबाहेर.

केयूर : कुठल्या?

आनंदी : ह्याच की, आतल्या खोलीच्या. निकाल लागला आणि तू आतून कडी घालून बसलास. जेवला नाहीस, बोलला नाहीस. दुसऱ्या दिवशी पहाटे हे नेहमीसारखे उठले, वही घेतली, नळाकडे निघाले आणि तुझ्या दाराशी थांबले. मोरीतलं स्टूल आणून तिथेच बसले. मी म्हटलं, दार वाजवा की. तर म्हणाले, वाजवून काय बोलू? बसून राहिले. पाणी आलं, भरलं मी, तरी ह्यांना पत्ता नाही.

केयूर : मला कधी बोलली नाहीस हे.

आनंदी : आम्हाला वाटलं, तू ब्लॉग वाचत असशील.

केयूर : …त्या दिवसानंतर मी तो उघडलाच नाही. एकदाही.

आनंदी : ते आम्हाला नंतर कळलं. त्यांना वाटत होतं, क्षमा मागून झाली आहे.

वल्लरी : सर, पाणी घ्या.

केयूर : नको. मी ठीक आहे.

आनंदी : घे रे, भरलेलंच आहे. आणि डोळे पुसायचे तर माझ्या पदराला नको, तिळाचे हात लागलेत त्याला.

वल्लरी : सर, विचारायला कसं तरी वाटतंय, पण आठचा स्लॉट बुक आहे. कन्फर्म करू की सोडू? सातपर्यंत सांगायला लागेल त्यांना.

आनंदी : सही मी करणार नाही. तू हो म्हणालास तरी नाही आणि नाही म्हणालास तरी नाही. पण मला तुझ्या तोंडून ऐकायचं आहे.

केयूर : बाबांचा आवाज काढून टाक, वल्लरी. सगळीकडून. सिस्टीममधून, बॅकअपमधून. फक्त जुन्या मोबाइलमधलं आहे तेवढं राहू दे.

वल्लरी : ओके सर. आणि स्लॉट?

केयूर : स्लॉट ठेव. मी बोलणार. रेकॉर्ड करू आपण, माझ्या आवाजात.

वल्लरी : मतदानाचं आवाहन?

केयूर : दुरुस्ती. काल तुमच्यापैकी काहींना माझ्या वडिलांच्या आवाजात फोन आला. तो त्यांनी केलेला नव्हता, मी केला होता. क्षमा असावी.

वल्लरी : सर, सर, एक मिनिट. दोनशेच लोकांना गेलाय तो. अठरा हजारांना स्वतःहून कशाला सांगायचं? दुपारपर्यंत रणजितची माणसं त्याचं रील करतील. आपण बुडू सर, खरंच सांगते.

केयूर : त्या दोनशेत मुक्ताई आहेत ना? मग अठरा हजारांना कळलंच आहे म्हणून समज.

आनंदी : हे मात्र खरं बोललास. आत्तापर्यंत लक्ष्मी रोडपर्यंत गेलं असेल.

वल्लरी : एकशे बारापेक्षा जास्त मतं जातील, सर.

केयूर : जातील. बहुतेक. खात्री नाही देता येत.

आनंदी : हं.

वल्लरी : बरं. मग ह्या फॉर्मचं काय करू? संमती ‘नाही’वर टिक केली. पण कारण भरल्याशिवाय पुढे जात नाहीये. आजी, कारण काय लिहू?

आनंदी : आम्ही तिकिटावर लिहायचो तेच लिही.

वल्लरी : काय लिहायचात?

आनंदी : माणूस जागेवर नाही.

वल्लरी : …लिहिलं.

केयूर : आई, नुसती दुरुस्ती बोलून ठेवून देऊ फोन? सुरुवातीला काहीतरी हवं ना. बाबा कसे सुरू करायचे? नमस्कार वगैरे म्हणायचे नाहीत.

आनंदी : कधीच नाही. आधी पाणी. मग बाकीचं.

केयूर : मग आज पाणी किती वाजता आलं होतं?

आनंदी : मला काय विचारतोस? इथेच झोप आज. पहाटे ऊठ आणि बघ.